देवगिरीची अंधारी : भुयार, मशाल आणि मार्गदर्शकाची कथा

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांची गावे. एक घोड नदीच्या काठी, तर दुसरे भीमेच्या. या टापूत जुन्या गढीचा विषय निघाला की भुयाराचा विषय निघतोच. अमुक वाड्यातून निघालेले भुयार थेट नदीपात्रात उघडते, तमुक देवळाच्या गाभाऱ्याखालून घोडेस्वार जाईल एवढा मार्ग आहे, अशा गोष्टी पारावर ऐकावयास मिळतात. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या महागणपतीची मूळ मूर्ती तळघरात असून तिला दहा सोंडा व वीस हात आहेत, अशी श्रद्धाळूंमध्ये आख्यायिका आहे. दौंडजवळ भीमेच्या पलीकडच्या तीरावर असलेला पेडगावचा बहादूरगड पाहायला गेल्यावरही पर्यटकांचा पहिला प्रश्न बहुधा 'येथे भुयार कोठे आहे?' असाच असतो.

या कथांतील बहुतेक भुयारे सांगणाऱ्याच्या आजोबांनी पाहिलेली असतात आणि मधल्या काळात बुजलेली असतात. त्यामुळे ती तपासता येत नाहीत. मात्र शिरूरवरून जाणारा नगर रस्ता आणि दौंडवरून फुटणारा मनमाडचा लोहमार्ग ज्या दिशेने जातात, त्याच दिशेला असे एक भुयार आहे, की जे खरोखर आहे, ज्यातून आजही चालत वर जाता येते आणि ज्याचे वर्णन जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. ते म्हणजे देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्यातील 'अंधारी'. तेथील मार्गदर्शक ही अंधारी नुसती दाखवीत नाहीत; ते ती जवळजवळ रंगभूमीसारखी वठवून दाखवतात. महाराष्ट्रात भुयाराची इतकी नाट्यमय सफर क्वचितच दुसरीकडे घडत असेल.

किल्ल्याची ओळख

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून वेरूळच्या रस्त्यावर सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर देवगिरीचा शंकूच्या आकाराचा डोंगर उभा आहे. यादव राजा पाचवा भिल्लम याने १२व्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवराव यादवाच्या काळात देवगिरीवर स्वारी केली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवून गावाचे नाव दौलताबाद ठेवले. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा सत्ता येथे आल्या. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा किल्ला काही काळ मराठ्यांकडेही होता. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

किल्ल्याची रचना समजून घेतल्याशिवाय अंधारीचे महत्त्व कळत नाही. सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराच्या पायथ्याशी कालाकोट अशी एकात एक तटबंदी आहे. महाकोटाचे दरवाजे सरळ रेषेत नाहीत. प्रत्येक दरवाजानंतर वाट वळते, त्यामुळे हत्तीला धाव घेऊन धडक देता येत नाही. दारांवर लोखंडी खिळे आहेत. आत शिरल्यावर हत्ती हौद, प्राचीन खांबांचा वापर करून १४व्या शतकात उभारलेली आणि आता भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी मशिदीची वास्तू व १५व्या शतकातील चाँद मिनार लागतो. त्यापुढे चिनी महाल. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये राज्य गमावल्यानंतर येथेच कैदेत ठेवले होते. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे.

येथपर्यंतचा किल्ला इतर किल्ल्यांसारखाच आहे. खरा देवगिरी यापुढे सुरू होतो. डोंगराचा खालचा भाग माणसाच्या हातांनी चारही बाजूंनी उभा तासून काढलेला आहे. जणू एखाद्या इमारतीची भिंत असावी तसा तो कडा सरळ वर जातो. त्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक आहे. खंदकावर अरुंद पूल आणि पुलापलीकडे खडकाच्या पोटात शिरणारी काळोखी वाट. बालेकिल्ल्यावर जाण्याचा जुना मार्ग हाच, आणि याच वाटेला अंधारी म्हणतात.

अंधारातील प्रयोग

मार्गदर्शकाची खरी कामगिरी पूल ओलांडल्यावर सुरू होते. तोवर सनावळ्या सांगणारा त्याचा आवाज येथे बदलतो. तो मंडळींना एकत्र उभे करतो, लहान मुलांना पुढे घेतो आणि सर्वांना शत्रूची भूमिका देतो. तुम्ही खंदक ओलांडून आला आहात, बाहेर ऊन आहे आणि डोळ्यांना उजेडाची सवय आहे. आता आत शिरा. काही पावलांवर उजेड संपतो. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे पाऊल अंदाजाने टाकावे लागते. छत मधूनच खाली येते आणि उंच माणसाला वाकावेच लागते. नेमक्या त्याच जागी थांबून मार्गदर्शक सांगतो, की वाकलेली मान हीच पहारेकऱ्याच्या तलवारीची वाट पाहत असे.

यानंतर उजेड मालवण्याचा प्रसंग येतो. पूर्वी मार्गदर्शकाच्या हाती मशाल असे. ती आड धरली की क्षणात सारे दिसेनासे होई. आता बहुतेकांच्या खिशात मोबाईलचा दिवा असतो, तरी तो बंद करावयास सांगितले की परिणाम तोच होतो. शेजारचा माणूस दिसत नाही, वटवाघळांची फडफड ऐकू येते आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास जाणवू लागतो. मग मार्गदर्शक विचारतो, आता तुम्हाला जो हात लागला तो मित्राचा की शत्रूचा? पुढे वाट फुटते आणि पुन्हा मिळते. दोन्ही वाटांनी आलेले सैनिक काळोखात समोरासमोर येऊन आपल्याच माणसांना कापून काढीत, अशी कथा येथे सांगितली जाते. थोडे वर एका झरोक्यातून प्रकाश दिसतो. सुटकेची वाट समजून त्या उजेडाकडे धावणारा थेट खंदकात पडे, असेही सांगतात.

शेवटचा अंक वरच्या तोंडाशी होतो. येथे भुयाराचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करता येत असे. त्यावर निखारे पेटवले की लोखंड तापे आणि धूर व उष्णता खालच्या माणसांवर येई. कोणी यात उकळत्या तेलाची भर घालतो. मग मंडळी डोळे मिचकावीत उन्हात येतात. घाबरलेली मुले हसू लागतात आणि सर्वांना आपण काहीतरी जिंकून आल्यासारखे वाटते. या सगळ्याला ना रंगमंच लागतो ना वेशभूषा. काळोख, खडक आणि एका माणसाचा आवाज एवढ्या भांडवलावर हा प्रयोग उभा राहतो.

कोरलेले, लिहिलेले आणि सांगितलेले

हा प्रयोग पाहून आलेल्या चौकस पर्यटकाला साहजिकच प्रश्न पडतो, की यातले खरे किती? त्याचे उत्तर शोधताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. खडकात कोरलेले, कागदावर लिहिलेले आणि तोंडी सांगितलेले.

खडकात कोरलेल्या गोष्टी कोणालाही पाहता येतात. तासलेला कडा, खंदक, एकच पूल, वळणारी वाट, असमान पायऱ्या, मध्येच खाली येणारे छत आणि झरोके हे सारे तेथे आहे. हल्लेखोरांची संख्या येथे उपयोगाची नव्हती, हे समजण्यास इतिहासाचे पुस्तक लागत नाही. दहा हजारांची फौज आली तरी अंधारीत एका वेळी मोजकीच माणसे शिरू शकतात.

लिहिलेल्या साधनांत दोन वर्णने विशेष महत्त्वाची आहेत. १४व्या शतकात महंमद तुघलकाच्या काळात देवगिरीला आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने मैदानातून उठलेल्या खडकावरील या बालेकिल्ल्याचे वर्णन केले आहे. वर जाण्यासाठी चामड्याची शिडी होती व रात्री ती ओढून घेत, असे तो लिहितो. तेथील तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे देवगिरीविषयी अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी सांगण्याची परंपरा किमान पावणेसातशे वर्षांची आहे. मार्गदर्शक खंदकावरील चामड्याच्या पुलाची जी गोष्ट सांगतात, तिचे नाते या शिडीशी असू शकते.

दुसरे वर्णन १७व्या शतकातील आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशाहनामा' या ग्रंथात दौलताबादचे मोजमाप दिले आहे. त्या काळच्या गजात डोंगराची उंची १४०, खंदकाची रुंदी ४० आणि खोली ३० अशी ती नोंद आहे. डोंगराच्या पोटातून मिनाराच्या जिन्यासारखी वळत जाणारी काळोखी वाट असून दिवसादेखील दिव्याशिवाय तिच्यातून जाता येत नाही, पायऱ्या खडकात कोरलेल्या आहेत, पायथ्याशी लोखंडी दरवाजा आहे आणि गरज पडल्यास वाटेत लोखंडी जाळी ठेवून तिच्यावर आग पेटवली की वर जाणे अशक्य होते, असे तो सांगतो. आज मार्गदर्शक जे दाखवतात त्यातील गाभ्याला, म्हणजे काळोख, लोखंड आणि आग या तिन्हींना, लेखी आधार आहे तो असा.

उरलेला भाग तोंडी परंपरेचा आहे. उकळते तेल, आपसात कापाकापी करणारे सैनिक, झरोक्यातून खंदकात कोसळणारे शत्रू या गोष्टी रचनेवरून संभवनीय वाटतात, पण त्या घडल्याच असे म्हणता येत नाही. त्या ऐकाव्यात, त्यांचा आनंद घ्यावा. मात्र घरी येऊन मुलांना सांगताना 'असे म्हणतात' हे दोन शब्द जोडण्यास विसरू नये.

किल्ला पडला तो कशामुळे?

अंधारीच्या कथेत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जो किल्ला अजिंक्य म्हणून दाखवला जातो तो अनेकदा शत्रूच्या हाती गेला. मग ही भुयारी वाट कामास का आली नाही?

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन अचानक देवगिरीवर आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामदेवरावाने बालेकिल्ल्याचा आश्रय घेतला. घाईघाईत किल्ल्यात नेलेली पोती धान्याची समजली गेली, पण ती मिठाची निघाली, असे सुमारे तीनशे वर्षांनी लिहिणारा फेरिश्ता सांगतो. शंकरदेव परतून लढला, पण त्याचा पराभव झाला आणि रामदेवरावाला प्रचंड खंडणी देऊन तह करावा लागला. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ते साल हेच. ज्ञानेश्वरीत ज्याचा उल्लेख येतो त्याच रामदेवरावावर हा प्रसंग ओढवला होता.

१६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने दौलताबादला वेढा दिला तेव्हा मलिक अंबरचा मुलगा फतेहखान किल्ल्यात होता. सुरुंग लावून मोगलांनी बाहेरच्या तटांना खिंडारे पाडली. शहाजीराजे भोसले आणि विजापूरचा सरदार रणदुल्लाखान यांनी बाहेरून मोगलांना सतावले आणि आत रसद पोहोचवण्याचे प्रयत्न केले. ते पुरे पडले नाहीत. उपासमार व रोगराईने आतील शिबंदी खचली आणि काही महिन्यांच्या वेढ्यानंतर फतेहखानाने किल्ला स्वाधीन केला. बाल निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले. सुरुंगांनी बाहेरचे कोट फुटले, पण तासलेला कडा आणि त्यातील अंधारी फोडण्याची वेळ शत्रूवर आलीच नाही.

दोन्ही वेळा निकाल अंधारीत लागला नाही, तो कोठारात लागला. शत्रूला वर येऊ न देणारी वाट धान्यालाही वर येऊ देत नाही. एकच पूल आणि एकच भुयार असलेला बालेकिल्ला हल्ल्यापुढे टिकतो, पण भुकेपुढे टिकत नाही. अंधारीतून बाहेर पडल्यावर मार्गदर्शकाला धान्याची कोठारे व पाण्याची टाकी यांविषयी आवर्जून विचारावे. त्याला बहुधा तीही माहिती असते. विचारणारे थोडे असतात एवढेच.

अन्यत्र असे प्रयोग

भुयारातील नाट्यमय सफर ही कल्पना आता जगभर रूढ झाली आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १७५३ मध्ये सुरू झालेल्या रॉयल एक्स्चेंजच्या बांधकामात जुन्या गल्ल्यांचे वरचे मजले पाडून खालचे पायासाठी वापरण्यात आले. अशा रीतीने जमिनीखाली गेलेल्या मेरी किंग्ज क्लोज या गल्लीत २००३ पासून त्या काळच्या वेशातील मार्गदर्शक तेथे राहिलेल्या माणसांच्या भूमिका करून पर्यटकांना फिरवतात. १६४५ च्या प्लेगमध्ये रुग्णांना गल्लीत जिवंत चिणले, अशी दंतकथा तेथेही प्रसिद्ध होती. ती खरी नाही, हे आता सफरीतच सांगितले जाते आणि त्यामुळे प्रेक्षकांची उत्सुकता कमी झालेली नाही.

मुंबईच्या राजभवनात २०१६ मध्ये ब्रिटिशकालीन भुयार सापडले. त्यात १३ खोल्या आहेत. तेथे २०१९ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि २०२२ मध्ये क्रांतिकारकांवरील 'क्रांतिगाथा' हे दालन उघडण्यात आले. पाण्यासाठी खोदलेली भुयारे हा आणखी वेगळा प्रकार. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला भूमिगत नळ आणि मलिक अंबरने औरंगाबाद शहरासाठी बांधलेली नहर ही त्याची उदाहरणे. त्यांना तलवारीची कथा नाही म्हणून प्रेक्षकही कमी. वास्तविक जितकी माणसे अंधारीने अडवली असतील त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे या नळांनी जगवली आहेत.

अंधारीच्या वर

पुष्कळ पर्यटक भुयार संपले की परत फिरतात. त्यांनी वर जावे. गणेशाचे मंदिर, त्यापुढे शाहजहानच्या काळातील बारादरी आणि माथ्यावर तोफा असा हा चढ आहे. माथ्याजवळच्या गुहेत जनार्दनस्वामींचे स्थान आहे. निजामशाहीच्या काळात, १६व्या शतकात, जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिले. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर दिवा लावून बसले आणि ती सापडल्यावर त्यांना अनावर आनंद झाला, ही कथा मराठी घरांत परिचित आहे. ती याच गडावरची मानली जाते. तीही अर्थात 'असे म्हणतात' याच सदरातील. पण एकाच किल्ल्यावर काळोखाच्या आणि दिव्याच्या अशा दोन कथा नांदतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कसे जाल?

शिरूरहून नगर रस्त्याने अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गे छत्रपती संभाजीनगर सुमारे १७० किलोमीटर आहे. दौंडहून रेल्वेने अहिल्यानगर मार्गे मनमाड आणि तेथून छत्रपती संभाजीनगर असा प्रवास करता येतो. शहरातून वेरूळकडे जाणाऱ्या एसटी बस आणि इतर वाहने किल्ल्यावरूनच जातात. किल्ला व वेरूळची लेणी एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. किल्ल्याला पुरी सकाळ लागते.

हे लक्षात ठेवा

सकाळी लवकर चढाई सुरू करावी आणि पाणी बरोबर ठेवावे. पायांत घसरणार नाहीत अशी पादत्राणे असावीत, कारण अंधारीतील पायऱ्या वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या होतात. प्रत्येकाजवळ छोटी विजेरी असावी. दम्याचा विकार असलेल्यांनी, तसेच ज्यांना काळोख व कोंदट जागा सोसत नाही अशांनी आत शिरू नये. त्यांच्यासाठी बाहेरच्या बाजूने पायऱ्यांची दुसरी वाट आहे. भुयारात आरोळ्या ठोकणे, वटवाघळांवर प्रकाशझोत टाकणे, भिंतींवर नावे कोरणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

मार्गदर्शक मात्र जरूर घ्यावा. त्याच्याशिवायही अंधारी चढून जाता येते, पण ती काही मिनिटांची काळोखी वाट एवढीच राहते. त्याच्याबरोबर गेल्यास ती कथा होते. ती मन लावून ऐकावी आणि बाहेर उन्हात आल्यावर तिच्यातील कोरलेले, लिहिलेले आणि सांगितलेले शांतपणे वेगळे करून पाहावे. मग पारावरच्या भुयारांच्या गोष्टीही निराळ्या कानांनी ऐकू येऊ लागतात.